स्क्रॅचवर पोरांना गाणं वाजवायला शिकवताय? या चुका टाळा

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायचं मुलांचं सॉफ्टवेअर. चौथीच्या वर्गावर पहिल्यांदा हा तास घेतला तेव्हा मी अर्धा तास नुसते ब्लॉक दाखवत बसलो, आणि एकाही पोराला वाजवायचंय काय तेच माहीत नव्हतं. तेव्हापासून आधी टाळ्या. धा गे ना ति, न क धि न, आठ मात्रा हाताने नीट आल्या की मगच कॉम्प्युटर चालू. जो टाळी बरोबर देतो त्याला लूप (तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणं) वेगळा समजवावा लागत नाही, आवर्तन म्हणजे लूपच की!

म्युझिकचे ब्लॉक दिसत नाहीत म्हणून बरेच जण अडतात. स्क्रॅच 3 मध्ये ते एक्स्टेन्शनमध्ये (वेगळे जोडून घ्यायचे जादा ब्लॉक) आहेत, डावीकडे खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबा.

सारेगम वाजवा म्हटलं की पोरं नोटच्या ब्लॉकमध्ये स्वराचे आकडे 60, 61, 62, 63 असे टाकतात आणि मग "सर, बेसूर येतंय". 61 म्हणजे कोमल रे. 60 ला सा धरला तर शुद्ध स्वर 60, 62, 64, 65, 67, 69, 71 आणि वरचा सा 72. आकडे पाठ करून घेऊ नका प्लीज, नोटच्या आकड्यावर क्लिक केलं की छोटा पियानो उघडतो, त्यावर कानाने शोधू द्या.

सगळ्यात जास्त त्रास देतं ते म्हणजे ठेका आणि गाणं वेगवेगळं पळणं. एका मुलीचं पहिलं आवर्तन मस्त जुळलं, दुसऱ्यात गाणं पुढे, तिसऱ्यात पार गोंधळ. ती रडायलाच आली होती. दोघांनी बसून बीट्स मोजले तर ड्रमचे 8 ब्लॉक गुणिले 0.5 म्हणजे 4 बीट्स, आणि गाण्याच्या नोट्स 7 च, म्हणजे साडेतीन. शेवटी 0.5 चा रेस्ट (गप्प थांबायचा ब्लॉक) टाकला आणि जुळलं, तेव्हाचा तिचा चेहरा बघायला हवा होता! बेरीज बरोबर असूनही हळूहळू सरकत असेल तर दोन्हीकडे फॉरएव्हर (न थांबणारा लूप) लावू नका, ठेक्याच्या प्रत्येक समेवर ब्रॉडकास्ट, म्हणजे बाकीच्या ब्लॉकना मेसेज, पाठवा आणि गाणं तो मेसेज आल्यावरच सुरू करा.

टेम्पो (लय) मुळात 60 असतो, म्हणजे एक बीट एक सेकंद. चेंज टेम्पो लूपमध्ये टाकला तर तो वाढत वाढत 500 पर्यंत जातो आणि हिरवा झेंडा परत दाबला तरी आपोआप खाली येत नाही, म्हणून सुरुवातीलाच सेट टेम्पो हवा.

पुढे सोनिक पाय (कोड टाइप करून संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर) घेणार असाल तर एक आधीच सांगून ठेवा, स्क्रॅचचा नोट ब्लॉक वाजून संपेपर्यंत थांबतो, सोनिक पायमधला प्ले थांबत नाही, स्लीप (थांबायची सूचना) विसरलात तर सगळे स्वर एकदम वाजतात.

आणि वर्गात ब्लूटूथ स्पीकर नको, आवाज उशिरा येतो आणि पोरं बरोबर असलेला कोड बिघडवत बसतात. वायरचे हेडफोन घ्या, दोघांत एक असला तरी चालतो.