जुन्या मारुती ८०० चा हीटर गार हवा मारतोय? डॅशबोर्ड खोलायच्या आधी हे बघा

कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० चा हीटर चालत नाही म्हटलं की लोक थेट डॅशबोर्ड खोलायला घेतात. माझं म्हणणं आहे की आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे पुष्कळदा हीटर धडधाकट असतो, पण कधीतरी उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून कुठल्यातरी मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो आणि नवीन मालकाला त्याचा पत्ताच नसतो. मग इंजिनच नीट गरम होत नाही तर हीटरला गरम पाणी कुठून मिळणार? वर पेट्रोल जास्त जातं, इंजिन जास्त झिजतं ते वेगळंच.

ओळखायचं कसं, तर सकाळी थंड इंजिन स्टार्ट करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे रबरी पाईपवर, हात ठेवा (पंख्यापासून लांब, तो आपोआप सुरू होतो). थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो, नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो आणि टेम्परेचरचा काटा खालीच लोळतो. तसं असेल तर तो वरचा होज इंजिनला जिथे जोडलाय तिथलं झाकण खोला. आत थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकलेला असेल तर नवीन टाका, स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, छोटी पिन वर, आणि पॅकिंग नवंच घ्या. बसवायच्या आधी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवून गॅसवर ठेवून बघा, ८२ अंशांचा असेल तर साधारण तेवढ्यालाच उघडायला लागला पाहिजे.

थर्मोस्टॅट बरोबर असेल तर इंजिन पूर्ण तापवून, हीटरचा लिव्हर फुल गरमवर ठेवून, इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन बारके होज चाचपा. दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर पाणी फिरतंय, दोष हवेच्या बाजूला म्हणजे हवा वळवणारा फ्लॅप, त्याची केबल नाहीतर ब्लोअरमध्ये (हीटरच्या पंख्यात) आहे. ब्लोअर फक्त फुल स्पीडलाच फिरत असेल तर त्याचा स्पीड कमी करणारा रेझिस्टर गेलाय. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरचं गरम पाणी चालू-बंद करणारा वॉल्व बंद अडकलाय किंवा हीटर कॉइल (जिच्यातून गरम पाणी फिरून हवा तापते ती) चोंदलीय. वॉल्वची केबल क्लिपमधून निसटलेली असते बऱ्याचदा, हाताने फिरवून बघा. आणि दोन्ही होज एकमेकांना जोडून टाकलेले दिसले तर समजा की कॉइल लीक होती म्हणून कुणीतरी तिला बायपास केलंय.

कॉइल चोंदते ती वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरल्यामुळे. इंजिन थंड असताना दोन्ही होज काढा, पण जुना होज ओढून काढू नका, ब्लेडने लांबीत चिरा (बसवताना नवीन टाका), नाहीतर कॉइलची नळी वाकते आणि मग खरंच डॅशबोर्ड खोलावा लागतो. मग बागेच्या पाईपने परतीच्या बाजूने हलक्या दाबाने पाणी सोडा. आधी चहाच्या रंगाचं गढूळ पाणी येतं, गंजाचे पापुद्रे येतात, ते स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवा. जोरात प्रेशर मारू नका, जुना जोड फुटतो.

पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट थर असेल तर कॉइल गळतेय, तिथे लीक बंद करायची पावडर टाकू नका, रेडिएटरवाल्याकडून डाग मारून घ्या किंवा बदला.

शेवटी हवा काढणं, हे न केल्यामुळे पुष्कळांची सगळी मेहनत फुकट जाते. गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, हीटर फुल गरम, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा (गरम असताना उघडलंत तर चेहरा भाजेल, खरंच सांगतो), कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मधूनमधून होज दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तसं भरत जा. काढलेलं कूलंट मात्र गटारात ओतू नका किंवा उघड्या टबात ठेवू नका, ते गोड लागतं म्हणून कुत्री पितात, मांजरंही पितात, आणि मरतात.

एवढं झालं की पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काच धुरकट झाली की गरम हवा काचेवर सोडा, झटक्यात साफ होते. दोन-चार दिवसांनी थंड इंजिनवर पातळी एकदा बघून घ्या आणि होजच्या क्लिपा परत आवळा, नवीन रबर थोडं बसतं.