‘पायलट आला, सुटलो!’ ब्रिजवरच्या या चुका टाळा

मुंबई हार्बरबाहेर पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातली वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, शिडी चढून वर आला की ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) सगळे जरा सैलावतात. कॅप्टन कॉफी मागवतो, सेकंड मेट (कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी) चार्टवरून, म्हणजे समुद्राच्या नकाशावरून, मान वर काढतो. आता बंदर त्याचं, बघेल तो! पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. पायलटला इथलं पाणी पाठ असतं, पण तुमचं जहाज त्यानं आज पहिल्यांदा पाहिलेलं असतं. तुमचं नेमकं उलटं. आणि पायलट वर असला तरी कॅप्टनची जबाबदारी संपत नाही.

पहिली चूक पायलट कार्डाची, म्हणजे पायलटला द्यायच्या जहाजाच्या माहितीच्या कागदाची. सही घेतली, फाइलला लावलं, झालं. पण इंजिन रिव्हर्सला पहिल्या झटक्यात लागत नाही, हे त्या कार्डावर कुठं लिहिलेलं असतं? ते तोंडानं सांगावं लागतं. लाज वाटते, मान्य आहे. तरी सांगा. आणि त्याला विचारा: वळण कुठं घेणार, तेव्हा वेग किती, टग (जहाज ओढणारी बोट) कुठं बांधणार, ओहोटीची ओढ कुठल्या बाजूनं, कुठल्या जागेनंतर माघार घेता येणार नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे अर्ध्या तासाच्या उशिरानंही आधीचं गणित बदलतं.

हे बोलणं अपुरं राहिलं की काय होतं, ते सॅन फ्रान्सिस्कोत ७ नोव्हेंबर २००७ ला दिसलं. दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ बे ब्रिजच्या खांबाच्या संरक्षक कठड्याला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन खाडीत गेलं. इलेक्ट्रॉनिक चार्टवरच्या खुणांचा अर्थ पायलटनं कॅप्टनला विचारला होता. कॅप्टननं दिलेलं उत्तर चुकीचं होतं, आणि ते तसंच पुढं चाललं. अमेरिकी चौकशीत पायलटच्या औषधांचा त्याच्या आकलनावर झालेला परिणाम, निघण्याआधीची अपुरी चर्चा आणि कॅप्टनची ढिली देखरेख अशी तीन कारणं नोंदली गेली. यातली शेवटची दोन कुठल्याही जहाजावर सापडतील.

दुसरी चूक माझी स्वतःची. थर्ड मेट होतो; बंदराचं नाव राहू दे. पायलट म्हणाला ‘पोर्ट टेन’ (सुकाणू दहा अंश डावीकडे), हेल्म्समननं (चाकावरच्या माणसानं) ‘पोर्ट टेन’ असं बरोबर म्हणून दाखवलं आणि चाक फिरवलं स्टारबोर्डला. सुकाणूचा कोन दाखवणाऱ्या रडर इंडिकेटरचा काटा उजवीकडे सरकताना मला स्वच्छ दिसत होता. मी गप्प. एवढी मोठी माणसं उभी आहेत, त्यांना दिसतच असेल! पायलट टगकडे बघत होता, कॅप्टन एजंटशी फोनवर. तीन-चार सेकंदांनी कॅप्टनचं लक्ष गेलं आणि तो ओरडला. निभावलं, कारण पाणी मोकळं होतं.

तेव्हापासून हुकूम कानानं ऐकतो, काटा डोळ्यांनी बघतो आणि बोलताना मत न देता आकडा सांगतो. ‘सर, वेग जास्त वाटतोय’ म्हटलं की वाद होतो. ‘पायलटसाहेब, वेग आठ, ठरला होता सहा’ म्हटलं की साहेब आधी लॉगकडे (वेग दाखवणाऱ्या यंत्राकडे) बघतात.

तिसरी चूक खास आपल्या मराठी पोरांची. पायलट टगच्या सारंगाशी मराठी-हिंदीत बोलतो: ‘अरे थांब, दोर ताणू नको, मागून मासेमारीची होडी येतेय!’ तुम्हाला कळतं, म्हणून तुम्ही निर्धास्त. शेजारी उभ्या फिलिपिनो कॅप्टनला त्यातलं काहीच कळलेलं नसतं. आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) ठराव ए.९६० सांगतो की असं बोलणं झालं की पायलटनं लवकरात लवकर ब्रिजवर त्याचा अर्थ सांगावा. तो कामात असेल तर तुम्ही सांगा, एका वाक्यात. यात आगाऊपणा काही नाही.

झोपेबद्दल फार लिहीत नाही. रात्री दोनच्या पायलटसाठी तीन रात्री जागलेला माणूस काट्याकडे बघतो, पण काटा त्याला दिसत नाही. चाकावरचा माणूस बदलायचा असेल तर वळणाआधी बदला.

शेवटची चूक बाहेर जाताना होते. पायलट उतरणार म्हणून एक मेट त्याच्यासोबत शिडीपर्यंत जातो आणि ब्रिजवर कॅप्टन आणि हेल्म्समन दोघंच उरतात. तेही नेमके अशा जागी, जिथं मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची जहाजं एकाच वाटेनं येतात-जातात, बाजूला अँकरवरची जहाजं आणि मधे कोळ्यांची जाळी. ७ ऑगस्ट २०१० ला ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ हार्बरच्या तोंडाशीच धडकली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. पायलटला शिडीपर्यंत सोडायला बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) पाठवायचं की मेटला, आणि मेट गेलाच तर मागं लुकआउट, म्हणजे बाहेर नजर ठेवणारा, कोण, हे अँकर उचलायच्या आधीच ठरवून ठेवा.