राष्ट्रपतींवरचा महाभियोग: वही घ्या आणि आकडे मांडून बघा

पुतणी एमपीएससीचा अभ्यास करतेय, परवा म्हणाली काका, राष्ट्रपतींना काढायला दोन तृतीयांश लागतात आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना काढायलाही दोन तृतीयांशच, मग फरक काय? घोळ होतो तो नेमका इथेच, म्हणून तिला जसं समजावलं तसंच इथे लिहितोय.

आधी घटनेचं कलम ६१ उघडा, छोटंसं आहे. राष्ट्रपतींना काढायचं कारण एकच, घटनेचा भंग. आता भंग म्हणजे नक्की काय हे घटनेत कुठेच सांगितलेलं नाही, ते संसदेनेच ठरवायचं, आणि आपल्याकडे आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग झालेला नसल्यामुळे बघायला आधीचं उदाहरणही नाही.

सुरुवात लोकसभेत करा नाहीतर राज्यसभेत, दोन्ही चालतं. समजा लोकसभेत केली. एकूण जागा ५४३, त्याचा पाव हिस्सा १३५.७५, म्हणजे नोटिशीवर निदान १३६ खासदारांच्या सह्या पाहिजेत. नोटीस लेखी, आणि ती दिल्यावर कमीत कमी १४ दिवस थांबायचं, मगच ठराव मांडता येतो.

आता मतदान, इथे नीट लक्ष द्या. दोन तृतीयांश मोजायचे ते हजर असलेल्यांचे नाही, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे, म्हणजे ३६२. समजा त्या दिवशी ४५० जण आले, ३६१ जणांनी बाजूने मत दिलं आणि विरोधात एकही मत पडलं नाही, तरी ठराव पडला! म्हणजे जो खासदार घरी बसला त्याचं मत विरोधातच गेल्यासारखं होतं. न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त असं दुहेरी गणित आहे, म्हणजे ४५० जणांनी मत दिलं तर ३०० पुरतात. पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच, ३०० आणि ३६२ मधला फरक.

लोकसभेत ठराव झाला म्हणजे फक्त आरोप ठेवला गेला, राष्ट्रपती अजून पदावरच आहेत. आता राज्यसभा चौकशी करणार, स्वतः किंवा दुसऱ्या कोणाकडून करवून घेऊन, आणि तिथे राष्ट्रपतींना स्वतः हजर राहून किंवा वकिलामार्फत बाजू मांडायचा हक्क आहे. हा हक्क मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून न घेता देशाचं सर्वोच्च पद काढून घेणं कुठल्याच हिशोबाने बरोबर नाही. चौकशीत आरोप सिद्ध झाला असं राज्यसभेनेही दोन तृतीयांशाने ठरवावं लागतं, २४५ पैकी १६४. सुरुवात राज्यसभेत झाली असेल तर हेच सगळं उलट, सह्या ६२ लागतात आणि चौकशी लोकसभा करते. संयुक्त बैठक वगैरे इथे नाही, ती विधेयकासाठी असते.

परीक्षेत हमखास चुकतो असा एक मुद्दा, मत कोण देतं? राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात, राज्यसभेतले १२ नियुक्त खासदार देत नाहीत. काढताना बरोबर उलटं, नियुक्त खासदारांना मत आहे, आमदारांना नाही, म्हणजे आपली मुंबईची विधानसभा ह्यात कुठेच येत नाही. आणि राज्यपालांवर महाभियोग असा प्रकारच नसतो, ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतात.

दुसऱ्या सभागृहात ठराव पास झाला की त्याच तारखेपासून पद गेलं. मग उपराष्ट्रपती काम बघतात, सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते, आणि जो निवडून येईल त्याला उरलेली मुदत नाही, पूर्ण पाच वर्षं मिळतात.