चामड्याची जुनी इंग्रजी शिकताना

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये माणूस वारला की गावातले दोन-चार जाणते लोक घरी येत आणि त्याच्या मालमत्तेची किमतीसकट यादी करत. अशा याद्या वाचून त्यांची स्वच्छ प्रत करणं हे माझं काम. या कामात नव्याने येणारी मुलं चामड्याच्या शब्दांपाशी हमखास अडतात, कारण त्या काळी चामडं सगळीकडेच होतं: पायात, अंगात, घोड्यावर, पुस्तकावर, दारूच्या गुत्त्यात. त्यांना मी एकच सांगते. शब्दांची यादी पाठ करू नका, कातड्याचा प्रवास शिका. शब्द आपोआप जागेवर बसतात.

गाई-बैलांचं कातडं ते हाइड, शेळ्या-मेंढ्यांचं आणि वासरांचं ते स्किन. हाइड जायचं टॅनरकडे. तो ते चुन्यात भिजवायचा, घोड्यासारख्या तिरक्या लाकडावर पसरून दोन मुठींच्या वाकड्या सुरीने केस आणि मांस खरवडायचा आणि मग ओकच्या सालीच्या पाण्यात, म्हणजे ऊझमध्ये, खड्ड्यात सोडायचा. १६०४ च्या कायद्याने तळव्याच्या चामड्यासाठी किमान बारा महिने आणि वरच्या चामड्यासाठी नऊ महिने ठरवून दिले होते. त्यानंतर करियर नावाचा दुसरा कारागीर ते तासून, तेल-चरबी मुरवून मऊ करायचा. टॅनरने करियरचं काम करायचं नाही, असाही कायदा होता. त्यामुळे एकाच यादीत दोघांची हत्यारं दिसली तर तो कागद सावकाश, पुन्हा वाचायचा.

स्किनची वाट बहुतेकदा वेगळी. ती तुरटी-मिठात कमावणारा तो व्हिटॉअर. त्याचं चामडं पांढरं आणि लुसलुशीत, हातमोज्यांना उत्तम. शेक्सपिअरचे वडील जॉन स्ट्रॅटफर्डमध्ये हाच धंदा करत आणि हातमोजे शिवत. 'हॅम्लेट'मधला कबर खणणारा म्हणतो की टॅनरचं प्रेत नऊ वर्षं टिकतं, धंद्याने त्याचंच कातडं इतकं कमावलेलं असतं की पाणी आत शिरत नाही. हे वाक्य कातड्याच्या वासात वाढलेल्या माणसाचं आहे, असं मला नेहमी वाटतं.

आता यादीतली एक ओळ जवळून पाहू. टॅनरच्या यादीत 'फॅट्समधली कातडी' असा उल्लेख वारंवार येतो. आजच्या इंग्रजीच्या सवयीने चरबी डोळ्यांपुढे येते, पण हे फॅट म्हणजे व्हॅट, कातडी भिजवायचं टाकं. त्याच यादीत पुढे 'लाइम फॅट' आला की तो चुन्याचा हौद. खड्डा, हौद, सालीचं कोठार हा क्रम डोक्यात असेल तर शब्दकोश न उघडताही ही ओळ लागते.

शिवणाऱ्यांमध्ये कॉर्डवेनर नव्या चामड्याचे जोडे करायचा आणि कॉब्लर जुने दुरुस्त करायचा. कॉर्डवेनर हा शब्द स्पेनमधल्या कोर्दोबाच्या चामड्यावरून आला. भांड्यांमध्ये ब्लॅकजॅक, म्हणजे आतून डांबर लावलेला चामड्याचा बिअरचा जग, आणि त्याचा थोरला भाऊ बॉम्बर्ड. यांची चित्रं नव्हे, वस्तू पाहा. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावरचे चामड्याचे जोडे आणि जर्किन, म्हणजे बिनबाह्यांचे अंगरखे, पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहेत. नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयातला पादत्राणांचा संग्रहही मोठा आहे. जाणं जमत नसेल तर त्यांचे फोटो मोठे करून शिवण बघत बसा, वेळ वाया जात नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना एक सोय आहे, ती वापरा. कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावण्याची जुनी रीत म्हणजे कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. इंग्रजांचा खड्डा आणि आपली पिशवी, पण सालीतलं तुरट द्रव्य करतं तेच काम. ही रीत माहीत असलेल्या माणसाला ऊझ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात आपला हिरडाच विलायतेच्या टॅनरींत जात होता. तिथल्या व्यापारात हिरड्याच्या प्रतींना गावांची नावं होती, त्यांतली एक विंगोर्ला, म्हणजे आपलं वेंगुर्ला. एकोणिसाव्या शतकातले टॅनरीचे हिशेब वाचायला घेतलेत तर मायरोबलान या शब्दावर नजर ठेवा, तो हिरडा आहे.

अभ्यासाचं म्हणाल तर आधी सेक्रेटरी हँड ही त्या काळची लिपी शिका. ती येत नसेल तर बाकीची तयारी उपयोगाची नाही. मग रँडल होमचं १६८८ चं 'अकॅडमी ऑफ आर्मरी' चाळा, त्यात धंद्याधंद्यांची हत्यारं आणि बोली शब्द नोंदवले आहेत. स्पेलिंगवर विसंबू नका. व्हिटॉअर हा शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, म्हणून मोठ्याने वाचा, कानाला तो ओळखू येतो. आडनावांकडेही लक्ष असू द्या. बार्कर म्हणजे सालवाला, टॅनरच्याच धंद्यातला. मात्र यादीतला बार्कर प्रत्यक्षात सुतार किंवा शेतकरीही असू शकतो, तेव्हा धंदा नावावरून ठरवू नका, कोठारावरून ठरवा. टॅनरचा बराचसा पैसा खड्ड्यातल्या कातड्यांत आणि साठवलेल्या सालीत अडकलेला असायचा. त्या दोन नोंदी सापडल्या की मगच त्याच्या नावापुढे टॅनर लिहा.