अंगणातील मातीवरून ध्रुवीय हिमाची उष्णता समजून घेण्याची रीत

सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीच्या पेवात, म्हणजे साठवणीच्या भुयारी खड्ड्यात, तळाचे तापमान फारसे हलत नाही, आणि अंटार्क्टिकाच्या हिमात दहा मीटर खाली गेल्यावर तेही वर्षभर जवळजवळ स्थिर असते. दोन्हींमागचे कारण एकच: पृष्ठभागावरील उष्णतेची लाट खाली जाताना विरत जाते आणि उशिरा पोहोचते. हे विरणे आणि हा उशीर आपल्या अंगणातील मातीत मोजता येतो.

वायरीला प्रोब (तापमान मोजणारे टोक) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्यावेत आणि ते एकाच पाण्यात बुडवून त्यांच्यातील फरक आधी नोंदवावा. कोरड्या दिवसांत, उन्हातील मोकळ्या जागी हातभर खड्डा खणावा. प्रोब वरून न खोचता खड्ड्याच्या उभ्या भिंतीत ५ आणि २० सेंटिमीटर खोलीवर आडवे रोवावेत, म्हणजे त्यांच्या वरची माती न उकरलेली राहते. खड्डा बुजवून एक दिवस जाऊ द्यावा आणि मग सलग ४८ तास, दर तासाला, दोन्ही आकडे लिहावेत. रात्रीच्या नोंदी चुकवू नयेत, कारण खालच्या थराचे सर्वोच्च तापमान बहुधा अंधार पडल्यावरच येते.

समजा, वर रोजचा चढउतार १२ अंश आणि खाली ३.४ अंश आला. या दोहोंच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरील ln) सुमारे १.२६ येतो, १५ सेंटिमीटर अंतराला त्याने भागले की १२ सेंटिमीटर मिळतात. इतक्या खोलीत लाट ३७ टक्क्यांवर येते. वर्षाच्या लाटेसाठी या खोलीला ३६५ च्या वर्गमुळाने, म्हणजे १९ ने गुणावे. उत्तर सव्वादोन मीटरच्या आसपास येते.

आता उशीर पाहावा. उष्णता केवळ वहनाने, म्हणजे कणाकडून कणाकडे जात असेल, तर वरच्या लॉगला २४ तासांनी गुणून ६.२८ ने भागले की अपेक्षित उशीर मिळतो; याच उदाहरणात खालचे सर्वोच्च तापमान वरच्याच्या सुमारे पावणेपाच तास नंतर यायला हवे. चढउतारावरून काढलेला आणि नोंदींत दिसलेला उशीर ही दोन उत्तरे जुळली नाहीत, तर पाणी, बाष्प किंवा निरनिराळे थर मध्ये आले आहेत असे समजावे. माझ्या मते साऱ्या प्रयोगाचे मोल याच पडताळणीत आहे.

ध्रुवीय हिमात हेच घडते. बर्फ हवेच्या सुमारे ९० पट उष्णतावाहक असल्याने उष्णता मुख्यतः कणांच्या जोडांमधून वाहते. त्यामुळे घनता सारखी असूनही जोड बारीक असलेले हिम कमी उष्णता वाहते. शिवाय उबदार कणावरून बाष्प उडून थंड कणावर जमते आणि उष्णता सोबत नेते. एक उन्हाळा टिकून घट्ट झालेल्या हिमाला फिर्न म्हणतात. ग्रीनलंडमधील आइस्मिट्टे तळावर १९३०–३१ च्या हिवाळ्यात जर्मन संशोधक अर्न्स्ट झोर्गे यांनी सुमारे १५ मीटर खोल खड्डा खणून याच थरांच्या घनता मोजल्या.

वितळलेले पाणी मात्र हिशेबच बदलते. एक ग्रॅम पाणी फिर्नमध्ये झिरपून गोठले, तर त्यातून सुटणारी उष्णता सुमारे १६० ग्रॅम हिमाचे तापमान एक अंशाने वाढवते. उन्हाळ्यात वितळणाऱ्या भागांत म्हणूनच दहा मीटरवरील फिर्न हवेच्या वार्षिक सरासरीहून बरेच उबदार सापडू शकते.

मातीतही हा फरक दिसावा म्हणून प्रोब जागेवर ठेवूनच बागेला एक पाणी द्यावे, आणि पुढच्या ४८ तासांच्या नोंदींवरून दोन्ही उत्तरे पुन्हा काढावीत.