विचारांची वही कशी लिहावी

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या बोधात्मक वर्तनोपचारात (सीबीटी) मनात आपसूक उमटणारा विचार कागदावर उतरवून तपासला जातो, आणि हे काम समुपदेशकाच्या दोन भेटींच्या मधल्या काळात आपणच करायचे असते. साध्या वहीत प्रसंग, विचार, भावनेची शंभरपैकी तीव्रता, विचाराच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे आणि पर्यायी विचार असे रकाने आखावेत. समजा, साहेबांनी संदेश वाचूनही उत्तर दिले नाही आणि दादरला गाडी बदलताना छातीत धडधडू लागले, तर ‘माझी नोकरी जाणार’ हा विचार त्याच दिवशी जसाच्या तसा लिहावा. ‘वाईट वाटले’ एवढ्यावर थांबू नये, कारण ती भावना झाली. पर्यायी विचार गोड नव्हे, पटणारा हवा (‘सगळे छान होईल’ हे वाक्य माझ्या मते कुचकामी आहे). त्यानंतर तीव्रता पुन्हा मोजावी. ऐंशीची साठ झाली तरी पुष्कळ.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मात्र विचारामागच्या ‘असे झालेच पाहिजे’ या हट्टावर बोट ठेवते.

समुपदेशकाचे खासगी शुल्क परवडत नसल्यास मुंबईतल्या केईएम, शीव किंवा नायर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे. आत्महत्येचे विचार येत असल्यास वही बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा.