आधी हातोडीला विचारा, मग लिहा

माणसाला बोटं दहा, यंत्राला 88. एवढ्याच हिशेबावर मी संगणकावरून वाजणाऱ्या पियानोसाठी पहिली रचना लिहिली. हेडफोनमध्ये ती झकास वाजली. खऱ्या वाद्यावर मात्र एका स्वराच्या जलद पुनरावृत्तीत हातोडीने चार-पाच ठोके दिले आणि पुढे पट्टी नुसतीच थरथरत राहिली, आवाज नाही. स्वयंचलित पियानोसाठी लिहिणारा संगीतकार कॉन्लन नॅनकॅरो मेक्सिको सिटीत बसून, पियानोला स्वर सांगणाऱ्या कागदी गुंडाळीला हाताने भोकं पाडत असे. आपल्याला माऊसने क्षणात हजार स्वर टाकता येतात, म्हणून आपण बेफिकीर होतो.

पहिलं काम पुनरावृत्तीचं. ग्रँड पियानोची यंत्रणा चांगल्या स्थितीत असली तर एका पट्टीवर सेकंदाला साधारण 14-15 ठोके निघतात. उभ्या पियानोवर जेमतेम निम्मे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत बत्तिसांश स्वर (मात्रेला आठ) म्हणजे सेकंदाला 16, म्हणजे ग्रँडच्याही आवाक्याबाहेर. ठोक्यांइतकीच त्यांच्यामधली जागा महत्त्वाची, कारण पट्टी पुरेशी वर आल्याशिवाय पुढचा ठोका बसत नाही. मी स्वर मुद्दाम आखूड लिहितो आणि लांबी पेडलकडून घेतो. तरी जमलं नाही तर दोन सप्तकांत आळीपाळीने वाटून देतो. कानाला वेग तोच वाटतो.

मग हळू, म्हणजे कमी आवाजाचे, स्वर. एक दुपार काढा आणि मिडीच्या (संगणक आणि वाद्य यांच्यातली स्वरसंदेशांची भाषा) 21 ते 108 या सगळ्या स्वरांवर व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याच्या जोराचा आकडा, 5 पासून थोडीथोडी वाढवत जा. कुठल्या आकड्याला तार बोलते ते वहीत लिहा. शेजारच्या दोन पट्ट्यांतही फरक निघेल आणि दुसऱ्या वाद्यावर ही वही निरुपयोगी ठरेल. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

वेळेचा घोळ याच्याशीच जोडलेला आहे. हळू स्वराची हातोडी सावकाश निघते, त्यामुळे एकाच क्षणी पाठवलेले मोठे आणि हळू स्वर एकत्र वाजत नाहीत. डिस्क्लाव्हियर हा यामाहाचा स्वयंचलित पियानो यावर उपाय म्हणून सगळंच अर्धा सेकंद, म्हणजे 500 मिलिसेकंद, उशिरा वाजवतो आणि तेवढ्यात हिशेब जुळवतो. नुसतं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर उत्तम. सोबत व्हायोलिन वाजवणारा माणूस असेल तर तो अर्धा सेकंद जीव घेतो. मी तेव्हा हा विलंब बंद करतो आणि हळू स्वर फाइलमध्ये स्वतःच थोडे आधी सरकवतो.

जाड स्वरगुच्छांबद्दल दोन गोष्टी. जुनी मिडी केबल सेकंदाला 31,250 बिट नेते. एका स्वराच्या संदेशाला जवळजवळ 1 मिलिसेकंद लागतो. 20 स्वरांचा आघात तिथेच 20 मिलिसेकंद पसरतो आणि चक्क एकामागून एक छेडल्यासारखा ऐकू येतो. यूएसबीने हे दुखणं जातं. वीजपुरवठ्याचं मात्र जात नाही: एकाच वेळी किती पट्ट्या दाबता येतील याला प्रत्येक वाद्याची मर्यादा असते, जुन्यांत ती बरीच कमी. म्हणून माहितीपुस्तिकेतला हा आकडा रचना सुरू करण्याआधी बघा. सतत 127 ने, म्हणजे कमाल व्हेलॉसिटीने, ठोकत राहिलात तर सॉलेनॉइड (पट्ट्या हलवणारी विद्युतचुंबकं) तापतात, त्यामुळे मी अशा भागांनंतर विरळ लिखाण ठेवतो.

अर्ध्या पेडलवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबण्यावर, भिस्त ठेवू नका. काही यंत्रांना पेडल फक्त चालू किंवा बंद एवढंच कळतं.

आता ती वही पुन्हा काढा. तार बोलते त्याच्या जरा खालचा आकडा दिला की पट्टी निमूटपणे खाली जाते, दाबकं (तारांवर टेकून त्यांचा आवाज थांबवणारे भाग) उचलली जातात आणि तारा मोकळ्या होतात. खालच्या सप्तकातले सात-आठ स्वर असे मुके धरून वर एक जोरकस आखूड स्वर मारा. तो थांबल्यावर खालून जे घुमत राहतं, त्यासाठी मी हल्ली सगळ्यात जास्त जागा मोकळी सोडतो.